विचारा, सांगते : रद्दी पंधरा रुपये किलो, मग ट्रे ३८० रुपयांना काहून?

मागच्या अंकात आमच्या महिला सहकारी संस्थेबद्दल थोडं लिहिलं होतं. रद्दीचा लगदा करून आणि पेपरच्या सुरळ्या विणून आम्ही ट्रे, वाडगे, टोपल्या, कचऱ्याचे डबे, भिंतीवरची घड्याळं असं घरात लागणारं सामान करतो, त्याची ती माहिती होती. त्यावर पत्रं बरीच आली. नुसत्या कौतुकाची पत्रं बाजूला ठेवली, त्यांना काय उत्तर द्यायचं? ज्यांत अडचण आहे, तक्रार आहे किंवा सरळ राग आहे, ती इथं घेतली आहेत. मी नागपूरला महाल भागात राहते, संस्थेचा हिशेब बघते आणि लगदाही मळते. एवढी ओळख पुरे.

व्हिडिओ बघून लगद्याचा वाडगा केला. पेपर भिजवला, मिक्सरमधून काढला, फेव्हिकॉल घालून स्टीलच्या भांड्यावर बाहेरून थापला. वरून कडक झाला, पण मग तडे गेले आणि आतून हिरवट-काळी बुरशी आली. पावसाची झड होती हे खरं. कागद चुकला की गोंद? — गृहिणी, अमरावती

ताई, गोंदाला दोष देऊ नका. लगद्यात पाणी राहिलं आणि थर जाड झाला, बाकी काही नाही.

तड्यांचं आधी सांगते. लगदा वाळताना आकसतो, चांगला जाणवण्याइतका आकसतो. तुम्ही थापला भांड्याच्या बाहेरून. भांडं स्टीलचं, ते तसूभर हलणार नाही. लगद्याला आत सरकायला जागाच नाही, मग तो फाटतो. तोच लगदा भांड्याच्या आतून लावला असता तर आकसत आकसत आपणहून सुटून आला असता. आकारासाठी बाहेरूनच लावायचा असेल तर भांड्यावर आधी पातळ पॉलिथिन चढवा, आणि लगदा हाताला घट्ट लागला, पण अजून थंड आहे, तेवढ्यात अलगद सोडवा. थंड लागतो म्हणजे आत पाणी आहे. आमच्याकडे नव्या आलेल्या पोरींना पहिल्यांदा हेच शिकवतो, वाडगा गालाला लावून बघायचा. बोटांना खळ लागून लागून बोटं बथ्थड झालेली असतात, गालाला बरोबर कळतं.

पाणी काढायला जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घ्या. लगदा त्यात बांधून पिळायचा, मग मोकळा करून मूठ दाबायची. बोटांच्या फटीतून पाणी आलं तर परत पिळा, लगदा आला तर झालं. थर अर्ध्या सेंटीमीटरच्या वर नको. जाड हवा असेल तर एक थर वाळवून मग दुसरा द्यायचा.

आता कागद. सगळ्या रद्दीत वर्तमानपत्र सगळ्यात लवकर विरघळतं, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पण त्याचे तंतू आखूड आणि कमजोर असतात. कागद जितक्या वेळा लगदा होऊन परत कागद होतो तितके त्याचे तंतू तुटत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात धरून ठेवायची ताकद उरत नाही, आणि पेपरचा कागद बहुधा आधीच कुठून तरी फिरून आलेला असतो. शिवाय त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, ते उन्हात पिवळं पडतं. पेपर खिडकीत ठेवला की चार दिवसांत पिवळा पडतो, त्याचं कारण हेच. रंग देणार असाल तर हरकत नाही, कागदाचा मूळ रंग ठेवायचा असेल तर नको.

खोक्याचा पुठ्ठा, नळी-नळीचा असतो तो, चिवट. त्याचे तंतू लांब असतात, पण भिजायला वेळ घेतो. रात्रभर भिजवून वर एक उकळी द्यावी लागते. आम्ही निम्मा पुठ्ठा, निम्मा पेपर घेतो. वहीचे कोरे-लिहिलेले कागद सगळ्यात छान, पांढरा गुळगुळीत लगदा होतो. घरी एकटीनं करायचं असेल तर अंड्यांचे ट्रे आणा. ते मुळात लगद्याचेच असतात, पाण्यात टाकले की तासाभरात सुटतात. मासिकांचा चकचकीत कागद नको (ज्या मासिकात लिहिते त्याच्या बाबतीत हे सांगायला जरा संकोच वाटतो). त्या चकाकीत चिनी मातीचा लेप असतो, लगदा भुसभुशीत होतो. आणि दुकानातली, एटीएममधली गुळगुळीत पावती तर हातातसुद्धा मळू नका. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेनं उमटणारं रसायन असतं, त्यात बिस्फेनॉल हे अपायकारक द्रव्य असू शकतं. चहाचे कागदी कपही नकोत, त्यांना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं.

बुरशीवर एकच औषध, वारा. ऊन नव्हे, वारा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, बाहेरच्यांना वाटतं नागपुरात वाळवायची काय चिंता. पण त्या उन्हात ओला वाडगा ठेवला की वरची कातडी तासाभरात कडक होते, आतला ओलावा अडकतो आणि वाडगा वाकडा होतो. म्हणून पहिला दिवस सावलीत, सुंभाच्या बाजेवर. बाजेत खालूनही हवा लागते, तेवढं सुख कुठल्याच ट्रेमध्ये नाही. मग ऊन. फक्त बाजेपासून बकरी लांब ठेवा. मैद्याच्या खळीचा वास तिला गल्लीच्या टोकावरून येतो.

आणि हो, पावसाळ्यात नवशिक्यानं वाडगा करूच नये. सुरळ्या वळा, टोपली विणा. विणकामाच्या सुईवर किंवा सायकलच्या तारेवर पेपरची पट्टी तिरकी गुंडाळायची, टोकाला खळ लावायची, झाली सुरळी. त्यात पाणी जवळपास नसतं, त्यामुळे बुरशीची भीती कमी.

एका प्रदर्शनात तुमच्यासारख्याच एका गटाचा कागदाचा ट्रे पाहिला. किंमत चारशेच्या आसपास. रद्दी आम्ही पंधरा रुपये किलोनं विकतो. हा ट्रे पाव किलोचा नसेल. समाजकार्याच्या नावाखाली ही लूट नाही का? स्पष्ट लिहितोय, राग नसावा. — निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ

राग कशाचा, तुम्ही बँकेतले, हिशेब मागणारच. आमच्याच ट्रेचा देते. त्याची किंमत ३८० आहे.

रद्दी तुम्ही म्हणता तेवढ्याचीच, तीन-चार रुपयांची. त्यात खळ, डिंक, खडूची पूड, रंग, वरचं वार्निश, मुठीची दोरी मिळून सामान ५५ रुपये. खोलीचं भाडं, वीज, ऑटो-टेम्पो यातला ट्रेच्या वाट्याला येणारा भाग ३५. वाळताना वाकलेला, तडकलेला माल फेकावा लागतो, तो इतर नगांवर चढवावाच लागतो, २० रुपये. राहिले हात. फाडणं, मळणं, थापणं, घासणं, खडूचे हात देणं, परत घासणं, रंग, वार्निश. वाळायचा वेळ धरत नाही, फक्त हात चालतो तेवढा वेळ, तो चार तास होतो. तासाला ५० रुपये धरले आहेत, म्हणजे २००. बेरीज ३१०. उरलेले ७० संस्थेचे. त्यातून स्टॉलचं भाडं, लेखापरीक्षण आणि पावसाळ्यात काम थांबतं तेव्हाची उचल.

आता लूट कुठं आहे ते दाखवा. तासाला ५० हा आकडा मला स्वतःला कमी वाटतो, दर वर्षी सभेत त्यावरून भांडण होतं आणि ते व्हायलाच पाहिजे.

मागे शहरातल्या एका शोभेच्या वस्तूंच्या दुकानानं आमचा माल ठेवायची तयारी दाखवली. कमिशन पस्तीस टक्के. ३८० मधून १३३ गेले की हाती येतात २४७. खर्च ३१०. म्हणजे प्रत्येक ट्रेमागे आम्ही त्यांना ६३ रुपये वर द्यायचे! दुकानदार म्हणाले, किंमत सहाशे करा, विकून देतो. सहाशेला तो ट्रे मी स्वतः घेणार नाही, तर दुसऱ्याला घ्या म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? नाही म्हटलं. छोट्या वस्तू, पेनस्टँड वगैरे, तिथं चालतात, कारण त्यांत हाताचा वेळ कमी जातो. मोठा माल आम्ही स्वतःच विकतो. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात क्राफ्ट मेळा भरतो, तिथं गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन बघतं, उलटी करून बघतं, मग घासाघीस करतं. असं गिऱ्हाईक मला आवडतं.

न आवडणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. "गरीब बायकांनी केलंय ना, द्या एक" म्हणून न बघताच पैसे काढणारं. ते दुसऱ्यांदा येत नाही. तो ट्रे त्यांच्या घरी माळ्यावर जातो, हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या मालावर कुणाची कहाणी लिहिलेली चिठ्ठी लावायची नाही असा ठरावच केला आहे. चिठ्ठीवर काय असतं? ओल्या कपड्यानं पुसा, पाण्यात बुडवू नका. बस.

तुम्ही तो ट्रे परत भेटला तर उलटा करून बघा, साहेब. खालची बाजूही वरच्यासारखी घासलेली असेल तर चारशे द्या. नसेल तर देऊ नका, आणि त्यांना तसं सांगा.

कागदाच्या टोपलीत पोळ्या, फळं, चिवडा ठेवला तर चालतो का? — नवविवाहिता, नंदनवन

पोळ्या नको. गरम पोळीची वाफ टोपलीत शिरते, दोन महिन्यांत तळ मऊ पडतो. आणि मुख्य म्हणजे छापील कागद व अन्न एकत्र येऊच नये. शाईत शिशासारखे जड धातू आणि इतर रसायनं असू शकतात. म्हणून तर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न ठेवायला, गुंडाळायला मनाई आहे, आणि २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा एकदा सगळ्यांना बजावलं. तरी आपल्याकडे सकाळी टपरीवर तर्री-पोहे पेपरच्या तुकड्यावर हातात येतातच. कोथिंबिरीच्या सांबारवडीचं तेल तर पेपरनंच टिपायचं असतं असा आपला समज आहे.

लगद्याच्या वाडग्यावर रंग आणि वार्निश असलं तरी ते अन्नासाठी केलेलं नसतं. चिवडा, खारीक-बदाम ठेवायचे तर आत स्टीलची किंवा काचेची वाटी बसवा. संत्री मात्र खुशाल ठेवा, साल काढूनच खायची असतात. रोज हात फिरवून बघा तेवढं. खालचं एक संत्रं सडलं की त्याचं पाणी वार्निशखाली जातं आणि गोल डाग पडतो, तो कशानंच निघत नाही. आमच्या ऑफिसातल्या वाडग्याला असे तीन डाग आहेत. मृग बहाराची संत्री बाजारात आली की डाग वाढतात.

माझी आजी सूप आणि टोपल्यांना कागद व मेथी वाटून लिंपायची. तुम्ही ज्याला नवीन हस्तकला म्हणता ती आमच्या घरात शंभर वर्षं जुनी आहे. — निवृत्त शिक्षिका, वर्धा

बाई, अगदी खरं. नवीन आहे असं मी म्हटलं असेल तर ते शब्द मागे. आमच्यातली सर्वांत वयस्कर जी आहे, तिला मेथीचंच काम येतं आणि ती फेव्हिकॉलच्या बाटलीकडे बघतसुद्धा नाही. "त्या पांढऱ्या दुधाले का हात लावू मी, मेथी असून राहिली नं घरात!" मेथी रात्रभर भिजवून पाट्यावर वाटली की चिकट होते, लगदा धरून ठेवते आणि तिच्या कडू चवीमुळे किडे त्या सुपाला तोंड लावत नाहीत. भिजल्या मेथीला येतो तो वास मात्र कितीतरी दिवस जात नाही. विकायच्या मालात म्हणून आम्ही ती घालत नाही, गिऱ्हाईक नाक मुरडतं. घरच्या सुपाला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

चिंचोक्याची खळही जुनीच. चिंचोके भाजून, साल काढून, कुटून शिजवायचे. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात काढलेली ती मिल, आता तिच्या जागेवर काय काय उभं आहे ते नागपूरकरांना सांगायला नको. सुताला खळ देण्याच्या खात्यातली माणसं बोटांनी चिमूट चोळून खळ जमली की नाही सांगायची, असं ते म्हणत. तीच चिमूट आम्ही वापरतो. बोटं विलग करताना तार आली तर खळ बरोबर.

तुमच्या वर्ध्याचं तर काय सांगावं. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तो मगनवाडीत, आणि हातकागद हा त्यांच्या मुख्य उद्योगांपैकी एक होता. मगन संग्रहालय १९३८ पासून आहे. आमच्या नव्या बायकांना आम्ही तिथं आवर्जून नेतो. इकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवत निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. त्यांच्याबरोबरचे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, कशाचे असतात? बांबू, कागद, चिंध्या. म्हणजे कागदाला आकार देणारे हात या शहरात आधीपासून होतेच. काश्मीरमध्ये याच कामाचे दोन वेगळे कारागीर असतात, लगद्याची वस्तू घडवणारा सख्तसाज आणि तिच्यावर रंगकाम करणारा नक्काश. आम्हीही अलीकडे तशी वाटणी केली आहे. जिचा हात घासण्यात चांगला, तिला फुलं काढायला बसवण्यात अर्थ नाही.

आम्ही आठ जणी आहोत, त्यात दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात राहतात. सहकारी संस्था नोंदवावी की बचत गटच बरा? — हिंगणघाट

आत्ता संस्था होणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे नोंदणीला किमान दहा व्यक्ती लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबातल्या लागतात. तुमच्या दोघी जावा एकाच कुटुंबात मोजल्या जाऊ शकतात, म्हणजे तुम्ही सातच धरा. बचत गटालाही साधारण दहा ते वीस जणी धरतात. आधी दोन-तीन जणी आणखी शोधा आणि गट करा.

माझं मत विचाराल तर गटाचं काम दोन वर्षं नीट झाल्याशिवाय संस्थेचं नाव काढू नका. संस्था म्हणजे दर वर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, इतिवृत्त, निवडणूक, आणि निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणं. हे सगळं चांगलंच आहे, मी त्या राखीव निधीच्याच जोरावर शांत झोपते. पण हे करायला एक जण लागते जी हिशेबाला कंटाळत नाही. ती तुमच्यात आहे का ते बघा. सुंदर नक्षी काढणाऱ्या मिळतात हो, रोजची खरेदी रोज लिहिणारी मिळत नाही.

गटासाठी महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे माविमच्या, जिल्हा कार्यालयात जा. महामंडळ १९७५ चं आहे, गटांचं काम त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. गावाकडच्या असाल तर उमेदच्या, म्हणजे ग्रामीण बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, तालुका कार्यालयात. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, तीन-चार नमुने आणि तुमची वही घेऊन जा. वही नसेल तर आजपासून सुरू करा: कुणी किती तास काम केलं, किती नग झाले, किती वाया गेले. पुढं पैसे वाटताना हीच वही भांडणं वाचवते. आणि नफा सगळ्यांना सारखा वाटायचा हा मोह टाळा. ऐकायला गोड वाटतं, पण जी रोज येते तिला जी कधीमधी येते तिच्याइतकेच मिळाले की रोजची येणं बंद होते.

आई ५६ वर्षांची आहे, अशाच एका गटात जाते. महिन्याला अडीच-तीन हजार मिळतात. मी पुण्यात नोकरी करते, तेवढे मी सहज पाठवू शकते. तिचे गुडघे दुखतात. घरी बस म्हटलं तर फोन ठेवून दिला. तुम्ही तिला दोन शब्द सांगाल का? — लेक, मूळची नागपूरची

नाही सांगणार.

गुडघ्यांचं मात्र मनावर घे. गटाला म्हणावं, उंच टेबल करा. लगदा मळायला आणि थापायला खाली बसावं लागतं ही सवय आहे, गरज नाही. आमच्याकडे जुना दरवाजा दोन लाकडी घोड्यांवर टाकला आहे, सगळ्या उभ्या किंवा स्टुलावर बसून काम करतात. खर्च जवळपास शून्य. तू खरंच पैसे पाठवणार असशील तर त्या टेबलासाठी पाठव.

आणि एक गोष्ट विचार तिला, रागावणार नाही अशा वेळी. महिन्याला तास किती होतात? तीन हजार जर साठ तासांचे असतील तर ठीक चाललंय. शंभराच्या वर असतील तर तिला तीसही पडत नाहीत, आणि मग तुझी चिंता बरोबर आहे, पण त्यावर उपाय घरी बसणं नाही, दर वाढवून घेणं आहे. तिला ट्रेचा हिशेब वाचून दाखव, वर दिलाय. बँकेतल्या साहेबांनी विचारला ते बरंच झालं.

तू पाठवलेले पैसे घराचे होतात, पोरी. तिचे तीन हजार ती कशात घालते ते मला माहीत नाही, तूही विचारू नको.

कागदाच्या लॅम्पशेडला आग लागेल का? — विद्यार्थी, रामदासपेठ

जुना पिवळा बल्ब लावलास तर धोका आहे, तो तापतो. कमी वॅटचा एलईडी लाव, आणि शेड बल्बला चिकटणार नाही एवढं अंतर ठेव. वायर आणि होल्डर चांगल्या कंपनीचे. शेड स्वस्तात झाली म्हणून होल्डरही स्वस्तातला आणायचा नाही.

एका कंपनीकडून दिवाळी भेटीसाठी ५०० वाडग्यांची ऑर्डर येते आहे. ते सप्टेंबरच्या शेवटी नक्की करतील, माल दिवाळीच्या आधी हवा. आम्ही चौदा जणी. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. घ्यावी का? — यवतमाळ

त्यांनी सांगितलेल्या पद्धतीनं घेऊ नका. तुमच्या पद्धतीनं घ्या.

सप्टेंबरात विदर्भात पाऊस पुरता गेलेला नसतो. हवेत दमटपणा असतो, वाडगा सावलीत सुटत नाही, उन्हाचा भरवसा नाही. पंख्याखाली वाळवायला गेलात तर ५०० वाडग्यांना जागा कुठली आणणार? हात चौदा असोत की चाळीस, वाळणं घाईनं होत नाही. अर्धवट वाळलेल्या वाडग्यावर रंग चढवला तर भेट उघडेपर्यंत आतून बुरशी येते, आणि मग ती कंपनी तुमचंच काय, कुठल्याच बायकांच्या गटाचं नाव काढणार नाही.

आम्ही वर्ष दोन भागांत तोडलं आहे. मार्च ते मे फक्त कोरे वाडगे आणि ट्रे. थापायचे, वाळवायचे, घासायचे, खडूचा एक हात द्यायचा आणि एकात एक रचून, कडुनिंबाचा पाला घालून, पत्र्याच्या पेटीत बंद. पावसाळ्यात विणकाम आणि हिशेब. गणपतीनंतर पेट्या उघडायच्या, प्रत्येक नग टिचकी मारून बघायचा, टणटण वाजला तर रंगाला घ्यायचा, बद वाजला तर परत उन्हात. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे फक्त रंग आणि वार्निश राहतं. ते तीन आठवड्यांत होतं.

तुमच्याकडे पेट्यांत किती तयार आहेत ते आज मोजा. समजा दोनशे निघाले. कंपनीला सांगा, दोनशे वाडगे देऊ, बाकी तीनशे सुरळ्यांच्या टोपल्या घ्या, त्यांना वाळवणं नाही. रंग तुम्ही निवडा, आकार आमच्याकडे आहेत तेच मिळतील. निम्मे पैसे आगाऊ, लेखी ऑर्डर, आणि पैसे मिळायची तारीख त्यात लिहून. मोठी कंपनी आहे म्हणून लाजू नका, मोठ्यांकडूनच पैसे उशिरा येतात. त्यांना पाचशेच्या पाचशे वाडगेच हवे असतील तर पुढच्या दिवाळीचे सांगा, आणि आगाऊ रक्कम फेब्रुवारीत मागा, म्हणजे मार्चपासून थापायला लागाल. पाठवताना प्रत्येक वाडग्यात कागद चुरगाळून भरा आणि दोन वाडग्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घाला, नाहीतर यवतमाळ ते नागपूर रस्त्यात वार्निश एकमेकांना घासून निघतं. आणि कंपनीचं नाव वाडग्यावर छापून मागितलं तर तळाला छापा, आत नको. आत नाव असलेला वाडगा घरात कुणी वापरत नाही.